एक्सेलमध्ये शेप्स काढा आणि मशीन घेण्याआधी जागेचा नकाशा तयार करा



एक्सेलच्या मालिकेत आपण आतापर्यंत बेरीज, टक्केवारी, स्टॉक आणि उधारीचा हिशोब बघितला. आजचा धडा आकड्यांचा नाही, आकारांचा आहे. इन्सर्ट टॅबमधलं 'शेप्स' हे बटण बहुतेक जण एखादा बाण काढायला किंवा चौकटीत दुकानाचं नाव लिहायला वापरतात. आज त्याच बटणातून आपण आपल्या युनिटचा मापात नकाशा काढणार आहोत. व्हिडिओमध्ये हात कसा चालतो ते दिसेलच. इथे सगळी मापं आणि पायऱ्या लिहून देतो, म्हणजे लेख समोर ठेवून सावकाश करता येईल.

हे कशासाठी शिकायचं?

समजा तुम्ही पारशिवनीत मिरची-हळद कांडपाचं युनिट टाकताय. मिरची आपल्याच जिल्ह्यातल्या भिवापूरची घ्या, नाहीतर नागपूरच्या कळमना बाजारातून आणा. गिऱ्हाईक म्हणजे गावातली घरं, आसपासचे धाबे आणि कोलितमाऱ्याकडे पेंच बघायला जाणारे पर्यटक. जागा आहे २० फूट बाय १५ फुटांची एक खोली. ३०० चौरस फूट!

आता प्रकल्प अहवालात तुम्ही यादी करता:

कच्च्या मालाच्या पोत्यांची जागा: ५ × ४ = २० चौ. फूट
निवडण्याचं, देठ काढण्याचं टेबल: ६ × ३ = १८
निवडलेल्या मालाचा ट्रे-रॅक: ३ × ३ = ९
कांडप यंत्र: ४ × ३ = १२
थंड करण्याचं, चाळण्याचं टेबल: ६ × ३ = १८
वजन आणि पॅकिंगचं टेबल: ५ × २.५ = १२.५
तयार मालाचा रॅक: ६ × १.५ = ९
विक्रीचा काउंटर: ५ × २ = १०
हात धुण्याचं बेसिन: १.५ × १.५ = २.२५

एकूण ११०.७५ चौरस फूट. म्हणजे ३०० पैकी १८९.२५ चौरस फूट मोकळे! यादी बघून कोणीही म्हणेल, "भाऊ, भरपूर जागा आहे, अजून एक मशीन बसेल."

इथेच खरा धोका आहे. यादी फक्त वस्तूची जागा मोजते, त्या वस्तूपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची नाही. आणि पैसा तर आपला आणि कर्जाचा असतो. पीएमईजीपी योजनेत सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या १० टक्के रक्कम स्वतः घालावी लागते. विशेष गटाला, ज्यात महिलाही येतात, ५ टक्के. बाकी रक्कम बँकेमार्फत येते, आणि बँक सहसा तुमच्या दरपत्रकाप्रमाणे पैसे थेट पुरवठादाराला देते. मशीन आलं, सिमेंटचा ओटा झाला, वायरमनने पॉइंट काढला, आणि मग कळलं की पॅकिंगचं टेबल बसत नाही, तर तो ओटा फोडायचा खर्च कोणत्याही योजनेत बसत नाही. स्क्रीनवरचा चौकोन सरकवायला मात्र दोन सेकंद लागतात.

त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतं का? नाही. जपानमध्ये तात्सुओ होरिउची नावाचे गृहस्थ आहेत. निवृत्तीच्या सुमारास त्यांना चित्रकला करायची होती. चित्रांच्या सॉफ्टवेअरवर वेगळा खर्च नको, म्हणून संगणकात होतं ते एक्सेलच त्यांनी घेतलं. शेप्स एकावर एक रचून त्यांनी डोंगर, झाडं, नद्यांची अशी चित्रं काढली की २००६ मध्ये एक्सेलच्या ऑटोशेप चित्रस्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. आपल्याला तर फक्त चौकोन आणि बाण काढायचे आहेत!

पायरी १: कागद मापात आणा

आपलं माप सोपं ठेवू. खोलीतला १ फूट म्हणजे कागदावर १ सेंटीमीटर. याचा फायदा असा की प्रिंट काढल्यावर साधी शाळेची पट्टी लावायची. जितके सेंटीमीटर, तितके फूट. सुताराला, गवंड्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फाइल > ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड मध्ये जा. खाली 'डिस्प्ले' विभागात 'रूलर युनिट्स' आहे, तिथे सेंटीमीटर्स निवडा.

पेज लेआउट टॅबमध्ये साइज ए४ आणि ओरिएंटेशन लँडस्केप, म्हणजे आडवा कागद करा. २० × १५ फुटांची खोली कागदावर २० × १५ सेंटीमीटरची होईल. आडव्या ए४ वर ती आरामात बसते.

व्ह्यू टॅबमधून 'पेज लेआउट' व्ह्यू चालू करा. आता डाव्या कोपऱ्यातल्या त्रिकोणावर क्लिक करून सगळी शीट निवडा. कॉलमच्या अक्षरावर राइट क्लिक > कॉलम विड्थ > ०.५ लिहा. मग रोच्या आकड्यावर राइट क्लिक > रो हाइट > ०.५. झाला चौकटीचा कागद तयार! एक चौकट म्हणजे अर्धा फूट.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ही जाळी डोळ्याला आधार म्हणून आहे. स्क्रीनच्या हिशोबात एक्सेल चौकटीचं माप केसभर इकडे-तिकडे करतं आणि ४० चौकटींत तो फरक साठतो. म्हणून वस्तूचं खरं माप चौकटी मोजून नाही, तर पुढच्या पायरीत सांगतो तसं आकडा टाकूनच द्यायचं.

पायरी २: खोली आणि वस्तू काढा

इन्सर्ट > शेप्स > रेक्टँगल निवडा आणि शीटवर ओढा. कसाही येऊ द्या. तो निवडलेला असताना वर 'शेप फॉरमॅट' टॅब दिसतो. त्याच्या उजव्या टोकाला हाइट आणि विड्थच्या दोन चौकटी आहेत. हाइट १५ सेमी, विड्थ २० सेमी लिहा. तुमच्याकडे तिथे इंच दिसत असतील तर आकड्यापुढे इंग्रजीत सेंटीमीटरची दोन अक्षरं टाईप करा, एक्सेल स्वतः बदलून घेतं. शेप फिल > नो फिल, आणि शेप आउटलाइन > वेट जाड करा. ही झाली तुमची खोली.

आता यादीतली प्रत्येक वस्तू तशीच. कांडप यंत्र ४ × ३ फूट, तर शेप ४ × ३ सेमी. पॅकिंग टेबल ५ × २.५ फूट, तर शेप ५ × २.५ सेमी. फूट वाचायचं, सेंटीमीटर लिहायचं.

हात लवकर चालावा म्हणून या कळा पाठ करा:

शिफ्ट दाबून ओढलं की रेक्टँगलचा नेमका चौरस होतो आणि रेषा सरळ येते.
ऑल्ट दाबून शेप सरकवला की तो चौकटीच्या रेषेला चिकटतो. मात्र आकार बदलताना ऑल्ट वापरू नका, माप बिघडेल.
कंट्रोल दाबून शेप ओढला की त्याची नक्कल तयार होते. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबले तर नक्कल सरळ रेषेत जाते.
एकच आकार पुन्हा पुन्हा काढायचा असेल तर शेप्सच्या यादीत त्यावर राइट क्लिक करून 'लॉक ड्रॉइंग मोड' निवडा. थांबायचं असेल तेव्हा एस्केप.
टेबल आडवं-उभं करायचं तर शेप फॉरमॅट > रोटेट > ९० डिग्री.

खोली चौकोनी नसेल, एखादा कोपरा कापलेला असेल तर शेप्समधला 'फ्रीफॉर्म' घ्या. प्रत्येक कोपऱ्यावर क्लिक करत जा आणि सुरुवातीच्या बिंदूवर परत येऊन क्लिक करा, आकार बंद होतो. दार, खिडकी, खांब विसरू नका. दार ३.५ फुटांचं असेल तर आत ३.५ × ३.५ चा फिकट चौकोन काढून ठेवा. दार उघडायला तेवढी जागा मोकळीच हवी.

पायरी ३: माणसाची जागा काढा

हाच आजच्या धड्याचा गाभा आहे.

कांडप यंत्राला डावीकडे, उजवीकडे आणि समोर ३-३ फूट धरू, आणि मागे भिंतीपासून १ फूट. ही मापं मी उदाहरणासाठी घेतली आहेत. तुमच्या मशीनला किती अंतर लागतं ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. तर रुंदी झाली ३ + ४ + ३ = १० फूट, आणि खोली झाली १ + ३ + ३ = ७ फूट. १० × ७ सेमीचा दुसरा रेक्टँगल काढा. फिल 'नो फिल' किंवा अगदी फिकट, आउटलाइन > डॅशेस मधून तुटक रेषा. राइट क्लिक > सेंड टू बॅक करून तो मशीनच्या मागे टाका. मग दोन्ही शेप कंट्रोल दाबून निवडा, राइट क्लिक > ग्रुप. आता मशीन सरकवलं की त्याची मोकळी जागाही सोबत सरकते.

बघा, यादीत १२ चौरस फुटांचं दिसणारं यंत्र नकाशावर ७० चौरस फूट घेतं! टेबलांचंही तसंच. ६ × ३ च्या टेबलासमोर माणसाला उभं राहायला २.५ फूट धरले तर १८ चे ३३ होतात.

आता सगळं मांडून बघू. रस्त्याकडची भिंत खाली धरा. मागच्या २० फुटी भिंतीला डावीकडून निवडण्याचं टेबल ६, ट्रे-रॅक ३ आणि कांडप यंत्र त्याच्या जागेसकट १०. झाले १९ फूट, बसलं. उजव्या १५ फुटी भिंतीतले वरचे ७ फूट यंत्राच्या मोकळ्या जागेने घेतले. उरले ८. तिथे थंड करायचं टेबल ६ आणि पॅकिंगचं ५, म्हणजे ११ फूट हवेत. नाही बसत! १८९ चौरस फूट मोकळे असतानाही नाही बसत.

मग काय करायचं? पॅकिंगचं टेबल समोरच्या भिंतीला आणा. तिथे दार ३.५, बेसिन १.५, पॅकिंग ५, काउंटर ५, मिळून १५ फूट. उरलेले ५ फूट या वस्तूंच्या मध्ये ये-जा करायला राहतात. पण मग ६ फुटी रॅक कुठे ठेवायचा? तो जमिनीवर नकोच, पॅकिंग टेबलाच्या वर भिंतीला ठोका. जमिनीचे ९ चौरस फूट वाचले आणि पॅकिंग करणारीला हात वर केला की माल ठेवता येतो. कच्च्या मालाची पोती डाव्या भिंतीला, दाराच्या मोकळ्या चौकोनाच्या पुढे. हा सगळा विचार चौकोन सरकवतानाच सुचतो, यादी वाचून सुचत नाही.

पायरी ४: मालाची वाट बाणांनी दाखवा

अन्नपदार्थाच्या युनिटमध्ये एक साधा नियम पाळायचा. कच्चा माल आणि तयार माल यांची वाट एकमेकांना छेदू नये. धुळीची पोती आणि उघडं तिखट एकाच रस्त्याने गेलं तर माती, किडे तयार मालात जायला वेळ लागत नाही. अन्नसुरक्षा नियमांच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या ज्या अटी आहेत, त्यांच्यामागेही हाच विचार आहे.

शेप्स > लाइन्स मध्ये 'एल्बो ॲरो कनेक्टर' घ्या. माउस पहिल्या शेपच्या कडेवर नेला की बिंदू दिसतात. तिथून ओढून दुसऱ्या शेपच्या बिंदूवर सोडा. बरोबर जोडलं गेलं की टोक हिरवं होतं. याचा फायदा म्हणजे टेबल सरकवलं तरी बाण सुटत नाही, मागोमाग येतो. साधी रेषा मात्र जागेवरच राहते, म्हणून कनेक्टरच वापरा. ग्रुपमधल्या यंत्राला जोडताना बिंदू यंत्राच्या चौकोनाचाच धरा, तुटक चौकटीचा नको.

दार > पोती > निवड > ट्रे > कांडप, हे बाण लाल. कांडप > थंड करणं, चाळणं > पॅकिंग > काउंटर, हे हिरवे. आता नुसतं बघा. लाल आणि हिरवा बाण कुठे एकमेकांना कापतो का? आपल्या मांडणीत लाल वाट डाव्या आणि मागच्या भिंतीने जाते, हिरवी उजवीकडून समोर येते. कापत नाही. तुमच्या नकाशात कापत असेल तर दोन टेबलांची अदलाबदल करून बघा.

पायरी ५: नावं आणि आकडे जोडा

दुसऱ्या शीटला 'यादी' नाव द्या. वस्तू, लांबी, रुंदी, चौरस फूट आणि चौरस मीटर असे कॉलम करा. चौरस फुटाला ०.०९२९ ने गुणलं की चौरस मीटर मिळतात. आपली ३०० चौरस फुटांची खोली म्हणजे २७.८७ चौरस मीटर.

आता शेपवर नाव टाईप करण्याऐवजी त्याला सेल जोडा. शेप निवडा, वर फॉर्म्युला बारमध्ये क्लिक करा, बरोबरचं चिन्ह (=) टाका, यादी शीटवरच्या त्या नावाच्या सेलवर क्लिक करा आणि एंटर. यादीत नाव बदललं की नकाशावरही बदलतं. फक्त एक सावधगिरी: सेलमधलं माप बदललं तर शेपवरचा मजकूर बदलेल, पण शेपचा आकार आपोआप बदलणार नाही. तो साइजच्या चौकटीतून तुम्हालाच बदलायचा आहे.

शेप्स जास्त झाले की कोणता कुठे आहे कळत नाही. ऑल्ट आणि एफ१० दाबा, 'सिलेक्शन पेन' उघडतं. तिथे प्रत्येक शेपला मराठी नाव द्या. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून बाण तात्पुरते लपवताही येतात.

आणि हे विसरू नका. सगळे शेप निवडून राइट क्लिक > साइज अँड प्रॉपर्टीज > प्रॉपर्टीज मध्ये 'डोन्ट मूव्ह ऑर साइज विथ सेल्स' करा. नाहीतर कोणी मध्येच एक रो वाढवली की टेबल लांब होतं, मशीन खाली घसरतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पायरी ६: प्रिंट आणि पीडीएफ

प्रिंट करताना स्केलिंगमध्ये 'नो स्केलिंग' म्हणजे १०० टक्के ठेवा. 'फिट शीट ऑन वन पेज' केलं तर माप हललंच समजा. नकाशाच्या खाली ५ सेमीची एक रेषा काढून तिच्यावर '५ फूट' लिहा. प्रिंट आल्यावर आधी त्या रेषेला पट्टी लावा. ५ सेमी भरली तर नकाशा बरोबर. कोणी झेरॉक्समध्ये लहान केला तरी त्या रेषेवरून माप काढता येतं.

व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर स्क्रीनचा फोटो नको. फाइल > सेव्ह ॲज > पीडीएफ करा, अक्षरं स्वच्छ राहतात.

हा नकाशा कुठे चालेल, कुठे नाही?

प्रकल्प अहवालात जोडायला, बँकेच्या साहेबांना किंवा जिल्हा उद्योग केंद्रात समजावून सांगायला, मशीनवाल्याला आणि वायरमनला दाखवायला हा नकाशा उपयोगी आहे. अन्नपदार्थ बनवणाऱ्या ज्या उद्योगाला नोंदणी नाही तर परवाना लागतो, त्याला अर्जासोबत युनिटचा मापासहित नकाशा आणि कोणत्या कामाला किती जागा हे द्यावं लागतं. चौरस मीटरचा कॉलम आपण त्यासाठीच केला.

पण नवीन बांधकाम करायचं असेल तर नगर पंचायतीच्या परवानगीला हा चालणार नाही. तिथे पात्र अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने सही केलेला नकाशाच लागतो. तरी त्यांच्याकडे जाताना हा घेऊन जा. तुम्हाला काय हवंय ते त्यांना पाच मिनिटांत कळेल.

एक्सेल नाही, मग?

लिब्रे ऑफिस कॅल्क फुकट मिळतं. त्यातही इन्सर्ट > शेप आहे आणि माप सेंटीमीटरमध्ये देता येतं. गुगल शीट्समध्ये इन्सर्ट > ड्रॉइंग आहे, पण चित्र वेगळ्या खिडकीत काढावं लागतं. बाणांच्या आकृतीला ते ठीक आहे, मापाच्या नकाशाला एक्सेल किंवा कॅल्क बरं. मोबाईलवर बघणं सोपं, काढणं जिकिरीचं. शक्य असेल तर एक तास संगणकावर बसा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. मेजरिंग टेप घ्या आणि तुमची जागा स्वतः मोजा. घरमालकाने सांगितलेलं माप धरू नका. दार, खिडकी, खांब, नळ आणि मीटरची जागाही लिहा.
२. वस्तूंची यादी करा आणि नकाशा काढा.
३. प्रत्येक मशीन-टेबलाभोवती तुटक रेषेने माणसाची जागा काढा.
४. लाल आणि हिरवे बाण जोडा.
५. शीटवर राइट क्लिक > मूव्ह ऑर कॉपी > क्रिएट अ कॉपी करून दुसरी मांडणी तयार करा. दोन नकाशे शेजारी ठेवून घरच्यांना, काम करणाऱ्या ताईंना विचारा, यात वावरायला कुठे अडेल?

शेवटची पायरी टाळू नका. रोज आठ तास जो माणूस त्या टेबलापाशी उभा राहणार आहे, त्याला नकाशातली अडचण आपल्यापेक्षा आधी दिसते. दोघांनाही नकाशा पटला की मगच मशीनचा ॲडव्हान्स द्या.

पुढच्या धड्यात याच यादीला किमतीचा कॉलम जोडून आपण यंत्रसामग्रीचं अंदाजपत्रक तयार करू. तोपर्यंत टेप काढा, मोजा आणि चौकोन सरकवत राहा. भेटूया!